हिवतापाच्या लशीसाठी कृत्रिम पेप्टाइड: परीक्षानळीतल्या ओळखीवर किती विसंबावे?

काचपट्टी (मूळ लेखन)

हिवतापाच्या परजीवीच्या एखाद्या प्रथिनातला दहा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा (पेप्टाइड) प्रयोगशाळेत जोडून घ्यायचा, तो रक्तातल्या प्रतिकारपेशींपुढे ठेवायचा आणि पेशींनी प्रतिसाद दिला की त्याला लशीचा उमेदवार म्हणायचे, हा रिवाज जवळजवळ चाळीस वर्षे चालत आला आहे. तो आता थांबवावा, असे माझे मत आहे.

कोलंबियाचे मॅन्युएल एल्किन पातारोयो यांची एसपीएफ66 ही लस संपूर्णपणे कृत्रिम पेप्टाइडची होती. रक्तातल्या अवस्थेतील परजीवीच्या तीन प्रथिनांचे तुकडे तिच्यात एकत्र गुंफलेले होते. दक्षिण अमेरिकेत तिने आशा निर्माण केली, पण टांझानियातल्या मुलांमध्ये तिची परिणामकारकता 31 टक्के निघाली, गांबियातल्या तान्ह्या मुलांमध्ये 8 टक्के, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने शून्याहून वेगळी नाही, आणि थायलंडमध्ये काहीच आढळली नाही.

याचे मूळ मला टी-पेशी या प्रतिकारपेशींच्या ओळखण्याच्या रीतीत दिसते. टी-पेशीला मोकळे पेप्टाइड दिसतच नाही. दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावर एचएलए रेणूच्या खाचेत बसवून दाखवलेला तुकडाच तिला ओळखता येतो, आणि ही खाच माणसागणिक वेगळी असते. एचएलए-बी53 हा प्रकार पश्चिम आफ्रिकेत बराच आढळतो आणि आशियात क्वचितच. तो असलेल्या गांबियन मुलांना गंभीर हिवताप कमी होतो, हे 1991 साली दिसले, आणि त्या खाचेत बसणारा यकृत-अवस्थेतील प्रथिनाचा तुकडा पुढच्याच वर्षी सापडला. तोच तुकडा ज्याच्याकडे ही खाच नाही त्याला टोचून काय साधणार? त्यात परजीवीही एकसारखा नसतो. 1998 साली गांबियातील संशोधनातून असे दिसले की स्पोरोझोइटच्या (डासाच्या चाव्यातून शरीरात येणाऱ्या परजीवीच्या रूपाच्या) आवरणातील सीएसपी या प्रथिनाच्या एका तुकड्याची दोन रूपे परस्परांविरुद्धचा टी-पेशींचा प्रतिसाद दाबू शकतात. (त्या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका सारा गिल्बर्ट, पुढे कोविशील्डमुळे त्यांचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले.)

अनुरेणू

आपली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. टी-पेशींचा नियम आपण प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींनाही लावत आहात. बी-पेशीचा ग्राहक (तिच्या पृष्ठभागावरील ओळखणारा रेणू) कोणत्याही खाचेची वाट पाहत नाही. समोर आलेला आकार तो थेट धरतो. प्रथिनाला पक्की घडी असेल, तर सुटा तुकडा त्या घडीची नक्कल करू शकत नाही आणि त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे खऱ्या परजीवीवर बसत नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु सीएसपीचा मधला भाग याला अपवाद आहे. तेथे एनएएनपी ही चार अमिनो आम्लांची साखळी सुमारे चाळीस वेळा येते आणि तिला स्वतःची स्थिर घडी नसते. म्हणूनच छोटे पेप्टाइडही प्रतिपिंडाला मूळ प्रथिनासारखेच भेटते. शेजारी-शेजारी बसलेली दोन प्रतिपिंडे एकमेकांनाही आधार देतात आणि अशा आधाराची क्षमता असलेल्या बी-पेशी निवडल्या जातात, हे 2018 साली स्फटिकरचनेवरून दिसले. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर शोध वाटतो.

सीआयएस43 या प्रतिपिंडाचाही विचार करावा. दुर्बल केलेल्या संपूर्ण स्पोरोझोइटची लस घेतलेल्या स्वयंसेवकाच्या पेशींतून ते मिळाले. ते नेमके कोठे बसते, हे सीएसपीच्या एकमेकांवर सरकत जाणाऱ्या पंधरा-पंधरा आम्लांच्या कृत्रिम पेप्टाइडवर तपासून ठरवले गेले. ती जागा पुनरावृत्तीच्या अगदी सुरुवातीच्या सांध्यावर निघाली, आणि सीएसपीवरच बेतलेल्या आरटीएस,एस या हिवतापाच्या लशीत तो सांधा घेतलेलाच नाही. याच प्रतिपिंडाचे दीर्घकाळ टिकणारे रूप मालीमध्ये प्रौढांना दिले, तेव्हा मोठ्या मात्रेने सहा महिन्यांत संसर्गापासून 88 टक्के संरक्षण मिळाले. आपण जो रिवाज थांबवायला सांगत आहात, त्यानेच ही जागा दाखवली.

काचपट्टी

प्रतिपिंड कोठे बसते याचा नकाशा काढण्यासाठी पेप्टाइड वापरण्यास माझी हरकत नाही. ते वाक्य मी सैल लिहिले होते. पण मालीमध्ये तयार प्रतिपिंड टोचले होते. शरीराने ते स्वतः तयार करायचे तर बी-पेशीला सहायक टी-पेशीची साथ लागते, आणि ती साथ पुन्हा खाचेवर अवलंबून असते. एनएएनपीची नुसती साखळी दिल्यावर उंदरांच्या अनेक जातींपैकी एच-2बी या प्रकारची खाच असलेल्याच उंदरांनी प्रतिपिंडे केली, हे 1986 पासून माहीत आहे.

अनुरेणू

ती साथ उसनी घेता येते, आणि यशस्वी लशी तेच करतात. बी-पेशी एनएएनपी ओळखून संपूर्ण कण आत ओढते, त्याचे तुकडे करते आणि त्यांपैकी कोणताही तुकडा सहायक पेशीला दाखवू शकते. आरटीएस,एस आणि पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर21 या दोन्ही लशींत सीएसपीचा भाग कावीळ-बीच्या विषाणूच्या पृष्ठप्रथिनाला जोडलेला आहे. एवढ्या मोठ्या प्रथिनातून जवळजवळ प्रत्येकाच्या खाचेत बसेल असा एखादा तुकडा निघतोच. शिवाय 1988 साली सीएसपीमध्येच असा एक तुकडा सापडला, जो माणसांच्या आणि उंदरांच्या बहुतेक वर्ग-दोन खाचांत (सहायक टी-पेशींना तुकडे दाखवणाऱ्या खाचांत) बसतो.

रात्रपाळी

मी अशा चाचण्या स्वतः करते, म्हणून एक मुद्दा मांडते. परीक्षानळीत आम्ही पेप्टाइड इतक्या विपुल प्रमाणात घालतो की ते पेशीच्या पृष्ठभागावरील रिकाम्या खाचांत बाहेरूनच जाऊन बसते. त्याला प्रतिसाद देणारी टी-पेशी यकृतातील संसर्ग झालेली पेशी ओळखेलच असे नाही, कारण ती पेशी मूळ प्रथिन कदाचित त्या ठिकाणी कापतच नसेल. परजीवी यकृतात जेमतेम आठवडाभर असतो आणि तोही मोजक्याच पेशींत. टी-पेशीने प्रतिसाद दिला, एवढ्यावरून तुकडा निवडला जाऊ नये. नैसर्गिक रीतीने कापलेल्या प्रथिनातून तोच तुकडा निघतो का, हे आधी पाहावे.

काचपट्टी

हाच माझ्या मूळ आक्षेपाचा गाभा होता. आपण तो अधिक नेमका मांडलात. अनुरेणू यांच्या उसन्या साथीबद्दल मात्र एक आकडा सांगतो. आरटीएस,एसच्या मोठ्या चाचणीत 5 ते 17 महिन्यांच्या मुलांमध्ये पहिल्या वर्षी, लशीशी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध संरक्षण सुमारे 50 टक्के आणि न जुळणाऱ्यांविरुद्ध सुमारे 33 टक्के होते. हे जुळणे सीएसपीच्या शेवटच्या भागापुरते पाहिले होते. एनएएनपी हेच सर्वस्व असते, तर हा फरक कोठून आला? म्हणून माझी मागणी आता एवढीच आहे की पेप्टाइडच्या प्रत्येक चाचणीत मुलांचे एचएलए प्रकार तपासावेत आणि निकाल त्या प्रकारांनुसार वेगळे मांडावेत.

अनुरेणू

मागणी रास्त आहे, पण ती सर्व मुलांवर लादू नये. एचएलएचे प्रकार इतके असतात की वेगळ्या काढलेल्या प्रत्येक गटात मोजकीच मुले उरतील आणि अशा आकड्यांवरून दोन्ही बाजूंना हवे ते सिद्ध करता येईल. संसर्ग झालेली सर्व मुले आणि तेवढीच न झालेली निवडून त्यांचे प्रकार पाहावेत. त्यासाठी नवे रक्त घेण्याचीही गरज नाही. पालकांनी पूर्वीच संमती दिलेली असेल, तर साठवलेल्या नमुन्यांतून ते काढता येतील.