मदत हवी आहे: विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी एकच केव्हीएम स्विच

नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. एक जुना विंडोज सर्व्हर (कीबोर्डला जुनं गोल पीएस/२ पोर्ट, मॉनिटरला जुनं व्हीजीए), दोन लिनक्स (यूएसबी, व्हीजीए) आणि डिझाइनवाल्यांचा मॅक मिनी (एचडीएमआय). केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड, मॉनिटर आणि माउस अनेक मशीनना आलटूनपालटून जोडणारा डबा) लावून सगळ्यांना मिळून एकच कीबोर्ड-मॉनिटर ठेवायचाय.

खरी काळजी लाइट गेल्यानंतरची. सगळी मशीन एकदम सुरू होतात आणि स्विचनं कीबोर्ड दाखवला नाही तर जुना सर्व्हर तिथंच अडून बसतो. म्हणून प्रत्येक पोर्टला कीबोर्ड इम्युलेशन (स्विच दुसऱ्या मशीनवर असला तरी कीबोर्ड जोडलेलाच आहे असं भासवणं) हवंच. ईडीआयडी इम्युलेशनही (मॉनिटरची रिझोल्यूशन वगैरे माहिती स्विचनं मशीनला सतत देत राहणं) हवं, नाहीतर मशीन बदललं की मॅकचं रिझोल्यूशन बदलतं. बटण पुढच्या बाजूला असलेलं बरं.

एचडीएमआय स्विच घेऊन व्हीजीएला कन्व्हर्टर लावू, की मॅक वेगळाच ठेवू? असा मिश्र रॅक कुणी चालवत असाल तर मॉडेल नक्की सांगा.