प्रीप्रिंटच्या स्वयंचलित छाननीचा अहवाल किती गांभीर्याने घ्यावा?

प्रश्न:
साथरोगाच्या प्रसाराचे गणिती प्रारूप मांडणारा आमचा प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या समीक्षेपूर्वीच खुला केलेला शोधनिबंध) आम्ही एका स्वयंचलित साधनातून तपासून घेतला. ब्लाइंडिंगचा (कोण कोणत्या गटात आहे हे लपवण्याचा) उल्लेख नाही, यादृच्छिक विभागणीचा (गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडण्याचा) उल्लेख नाही आणि खुला विदा (सर्वांना मिळू शकणारी अभ्यासाची आकडेवारी) आढळला नाही, असे तीन शेरे अहवालात आले. आमच्या अभ्यासात रुग्णांचे गटच नसल्याने पहिले दोन शेरे गैरलागू वाटतात. विदाबाबत मात्र ‘विनंती केल्यास उपलब्ध करून देऊ’ असे आम्ही स्पष्ट लिहिले होते. आता हस्तलिखित सुधारावे, की अहवालाकडे दुर्लक्ष करावे?

प्रतिसाद १:
‘उल्लेख आढळला नाही’ याचा अर्थ ‘चूक आहे’ असा नव्हे. ही साधने मजकुरात ठरावीक प्रकारची विधाने आहेत की नाहीत एवढेच शोधतात. ती विधाने त्या अभ्यासाला लागू पडतात का, हे ठरवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. कोविडच्या पहिल्या वर्षी बायोआर्काइव्ह आणि मेडआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळांवरील 6,570 प्रीप्रिंट अशा अनेक साधनांच्या संचातून तपासले गेले आणि अहवाल जाहीरपणे जोडले गेले. त्यांपैकी जेमतेम 13.6 टक्क्यांत खुला विदा होता आणि सुमारे एक तृतीयांश लेखकांनीच अभ्यासाची एखादी तरी मर्यादा नोंदवली होती. माणसांकडून इतक्या वेगाने इतके वाचून होणे शक्यच नव्हते, आणि या छाननीचे खरे मोल तिथे आहे. आपण पहिले दोन शेरे निःशंकपणे सोडून द्यावेत.

प्रतिसाद २:
पहिल्या दोन शेऱ्यांबद्दल सहमत आहे, परंतु तिसऱ्या शेऱ्यात साधनाचेच बरोबर आहे. खुला विदा शोधणारे ओडीडीपब हे साधन ‘विनंतीवरून उपलब्ध’ अशा विधानाला खुला विदा मानतच नाही, आणि मला ते योग्य वाटते, कारण लेखक संस्था बदलतात, ईमेलचे पत्ते बंद पडतात आणि विनंत्या अनुत्तरित राहतात. शिवाय प्रारूपाच्या अभ्यासात विदाइतकाच, किंबहुना अधिकच, संगणकीय कोड महत्त्वाचा असतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर तो केव्हाही बदलू किंवा पुसला जाऊ शकतो, म्हणून ज्या आवृत्तीवरून निष्कर्ष काढले तीच झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवून तिचा डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) हस्तलिखितात द्यावा. रुग्णांची मूळ नोंद उघड करता येत नसेल, तर ओळख पटणार नाही अशी एकत्रित दैनंदिन आकडेवारी द्यावी आणि मूळ नोंद का देता येत नाही, ते एका वाक्यात लिहावे.

प्रतिसाद ३:
मला काळजी वाटते ती या अहवालांतून गुण काढण्याची. एखाद्या निवड समितीने शेऱ्यांची नुसती बेरीज केली, तर यंत्राला ओळखू येतील अशी वाक्ये लोक पेरू लागतील आणि ‘नमुन्यांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने केली’ असे लिहिणाऱ्याने ती नेमकी कशी केली हे कुणी विचारणार नाही. त्या तुलनेत आकृत्या तपासणारी साधने मला अधिक उपयोगी वाटतात. सलग मोजमापांचा विदा स्तंभालेखात दाखवला की निरनिराळी वितरणे सारखीच दिसू शकतात. बारझूका हे साधन असे आलेख हेरते. जेटफायटर हे साधन इंद्रधनुषी रंगपट्टी ओळखते, जी रंगांधळ्या वाचकाची दिशाभूल करते. प्रारूपाचे निकाल रंगीत नकाशांत दाखवले असतील, तर पुढच्या आवृत्तीपूर्वी तेवढे अवश्य पाहावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. कोड भांडारात ठेवून सुधारित आवृत्ती चढवतो. दोन नकाशांची रंगपट्टीही बदलावी लागेल.