मदत हवी आहे : ऑइलच्या तापमानाचा सेन्सर नेमका कुठे बसवावा?

इंदूरच्या मंडळींना नमस्कार. आमच्या टर्बो डिझेल गाडीत इंजिन ऑइलचे तापमान दाखवणारे वेगळे गेज बसवायचे आहे. डॅशबोर्डवरचा काटा केवळ कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान सांगतो, आणि तोही बहुतेक गाड्यांत मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. त्यामुळे ऐन मे महिन्यात, पूर्ण भरलेली गाडी धामनोदहून इंदूरकडे परतताना विंध्याचा घाट चढू लागते, तेव्हा कूलंटच्या मागोमाग सावकाश तापणाऱ्या ऑइलची अवस्था कळतच नाही. ही उणीव मला खरोखर गंभीर वाटते.

सेन्सर ऑइल फिल्टर आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सँडविच प्लेटमध्ये बसवावा, की ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राच्या) ड्रेन प्लगच्या, म्हणजे ऑइल काढण्याच्या बुचाच्या जागी? दुसरा मार्ग सोपा आहे, परंतु खाली डोकावणाऱ्या सेन्सरला गतिरोधकाचा धक्का बसण्याची मला धास्ती वाटते. शिवाय एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग इंजिनच्या धातूतूनच मिळत असल्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळल्यास आकडा चुकू शकतो. मग गळती कशी रोखावी?

घाटात आपल्या गाडीचे ऑइल किती अंशांपर्यंत जाते आणि सेन्सर कुठे बसवला आहे, हे दोन्ही कृपया एकत्र कळवावे, कारण जागेनुसार आकडा बदलतो. हे काम काळजीपूर्वक करणारा इंदूरमधला कारागीर माहीत असल्यास तेही सांगावे.