वॉर्ड सोडून लॉ फर्ममध्ये: केस पेपर वाचण्याच्या चाचणीत काय बघतात?

आयसीयू_सिस्टर:
जीएनएम (नर्सिंगची पदविका), आयसीयू आणि लेबर वॉर्ड मिळून ९ वर्षं. पुण्यातल्या एका लॉ फर्मला वैद्यकीय हलगर्जीपणाच्या केसेसचे कागद वाचायला नर्स हवी आहे. मुलाखतीला २०० पानांची फाइल देऊन चाचणी घेणार आहेत. तयारी कशी करू? एलएलबी लागेल का?

फाइल_वाचणारी:
ताई, मुख्य परीक्षा कालक्रम लावण्याची असते. फाइल हातात आली की लगेच वाचत सुटू नका. झेरॉक्सचा गठ्ठा बहुतेक वेळा उलटसुलट असतो, म्हणून आधी प्रत्येक पानावर क्रमांक घाला. मग ढीग पाडा: ॲडमिशन पेपर, डॉक्टरांच्या नोट्स, नर्सिंग नोट्स, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) चार्ट, ड्रग चार्ट, संमतीपत्रं, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि भुलीची नोंद, रिपोर्ट, बिलं. जो कागद असायला हवा आणि नाही, त्याची यादी वेगळी. वकील आधी तीच मागतात, कारण तो कागद हॉस्पिटलकडून लेखी मागवावा लागतो. इनडोअर (भरती रुग्णाचं) रेकॉर्ड ३ वर्षं जपायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं, असा डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांत नियम आहे.

मग तक्ता, सहा रकान्यांचा: तारीख, वेळ, पान, कोणी लिहिलं, काय लिहिलंय, शेरा. पाचव्या रकान्यात मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा. वाचता येत नसेल तर ‘अवाच्य’ लिहा, अंदाज नको.

सिझेरियननंतरची रात्र धरा. १० वाजता नाडी ८८, बीपी ११०/७०. ११.३० ला नाडी ११८, बीपी ९०/६०. डॉक्टरांची पुढची नोंद थेट १.१० ची. इथे शेऱ्यात ‘डॉक्टर उशिरा आले’ लिहिलंत की चुकलात. ‘११.३० ते १.१० मध्ये डॉक्टरांना कळवल्याची नोंद पान ४१ ते ४६ वर नाही’ असं लिहा. कागद तेवढंच सांगतो. आणि तिथेच थांबू नका: त्या वेळचा लघवीचा आकडा, पॅड किती भिजलं, गर्भाशय घट्ट होतं का, हे शोधा. रक्तस्रावात नाडी आधी चढते आणि बीपी मागून पडतं, हे वकिलाला दिसणार नाही, तुम्हाला एका नजरेत दिसेल. तुम्हाला घेतात ते यासाठीच.

हमखास चुकतं ते असं. नाइट ड्यूटीत बारानंतर तारीख बदललेली नसते, त्यामुळे बारानंतरच्या सगळ्या नोंदी एक दिवस मागे सरकतात. एबीजी (रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशीनचं घड्याळ आणि वॉर्डचं घड्याळ जुळत नाही, म्हणून वेळ कुठून घेतली तेही नोंदवा. बिलात सहा वायल (औषधाच्या कुप्या) आणि ड्रग चार्टवर चार डोस दिसले, तर आधी औषधं परत केल्याची पावती बघा, एका डोसला दोन वायल लागतात का तेही बघा.

ग्राहक_आयोग_वकील:
एलएलबीची गरज नाही. पुढे करायचंच असेल तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि जीएनएम ही पदविका आहे. म्हणजे आधी पोस्ट बेसिक बीएस्सीसारखी (जीएनएमनंतरची नर्सिंग पदवी) एखादी पदवी.

मुलाखतीआधी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मुळातून वाचा. जेकब मॅथ्यू (२००५): फौजदारी निष्काळजीपणा केव्हा म्हणायचा. समीरा कोहली (२००८): तपासणीसाठीच्या लॅपरोस्कोपीला (दुर्बिणीने पोट आतून बघायला) दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही. हा वाचलात की संमतीपत्रावर प्रक्रियेचं नाव, सहीची वेळ आणि भूल दिल्याची वेळ ताडून बघायची सवय लागेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं. घटनेची आणि डिस्चार्जची तारीख तक्त्याच्या माथ्यावर ठळक हवी, ती हुकली तर बाकीची मेहनत पाण्यात.

तुमचा तक्ता म्हणजे तज्ज्ञाचं मत नव्हे. उपचार बरोबर होते का, ते त्या शाखेचा डॉक्टर सांगेल. तुम्ही त्याच्यासमोर नेमके प्रश्न मांडायचे.

फाइल_वाचणारी:
एक राहिलं. फर्म अमेरिकेतल्या केसेसही घेत असेल तर तिथे आधी महिना, मग दिवस. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. तक्त्यात महिना अक्षरी लिहा. तिथल्या लीगल नर्सचं (वकिलांसाठी वैद्यकीय कागद वाचणाऱ्या नर्सचं) एलएनसीसी प्रमाणपत्र तिथल्या नोंदणीकृत नर्ससाठी आहे. ते मिळवून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरू नका.

आयसीयू_सिस्टर:
आधीच्या हॉस्पिटलची फाइल समोर आली तर? आणि नोंदणी?

ग्राहक_आयोग_वकील:
महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहा. जुन्या हॉस्पिटलमधून एकही कागद किंवा फोटो सोबत आणू नका, नमुना म्हणूनही नाही. तिथली फाइल आली तर न उघडता फर्मला मेल करा: कोणत्या वॉर्डला, कधी ते कधी होतात. हॉस्पिटलचं नाव फाइल उघडल्यावरच लक्षात आलं, तर कितव्या पानापर्यंत वाचलं तेही त्या मेलमध्ये लिहा.