आईच्या फिस्टुलासाठी मेडिकलला जायचे की सुपरला?

काटोलची लेक: आईची किडनी खराब झाली आहे. डायलिसिससाठी हातात फिस्टुला करा म्हणाले. चिठ्ठीवर नुसते 'मेडिकल, नागपूर' लिहिले आहे. नेमके कुठे जायचे? आई खूप घाबरली आहे.

अजनीकर: ताई, किडनीचा विभाग सुपरला, तुकडोजी पुतळ्याजवळ. मेडिकल चौकातले १९४७ चे सरकारी मेडिकल कॉलेज वेगळे, त्याचेच हे सुपर स्पेशालिटी रुग्णालय. ऑटोवाल्याला नुसते मेडिकल म्हणू नका, चुकीच्या गेटवर उतराल. माझ्या बाबांचा फिस्टुला होऊन चार वर्षं झाली. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडतात, डायलिसिसची सुई त्या शिरेत टोचायला. लगेच सुई टोचता येत नाही, शीर फुगून जाड व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. म्हणून आत्ताच करून घ्या, लांबवू नका. जोडावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. बाबा रोज सकाळी चहाआधी ती बघतात. थरथर थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, घट्ट बांगड्या नाहीत. एका दवाखान्यात नर्सने त्याच हाताला पट्टा बांधला होता, मी धावत जाऊन सोडवला. तुम्हीही लक्ष ठेवा.

छिंदवाड्याहून: रेशन कार्ड, आधार आणा. महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते. आमचं मध्य प्रदेशचं कार्ड, म्हणून तिथे चाललं नाही.

काटोलची लेक: आभार भाऊ. आईने बांगड्या आत्ताच उतरवल्या. सोमवारी निघतो.