प्रतिसाद: ईसीजी आणि सीडीचं काय?

रुग्णाचे सगळे वैद्यकीय कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये टाकले की मूळ फाइल माळ्यावर गेली तरी चालेल, असं इथे सुचवलं गेलं; ते रक्ताच्या रिपोर्टपुरतं पटतं. ईसीजीची पट्टी मात्र आधी हाताळा. ती बहुतेक वेळा थर्मल (उष्णतेने छपाई होणाऱ्या) कागदावर असते. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातली रसायनं यांनी रेघ पुसट होत जाते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. मिळाल्या दिवशीच सपाट ठेवून स्कॅन करा. १ मिमीचे चौकोन स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि तारीख व कडेला छापलेलं '२५ मिमी/सेकंद, १० मिमी/एमव्ही' (कागदाचा वेग आणि रेघेच्या उंचीचं माप) कापलं जाता कामा नये. छातीत दुखतंय म्हणून रुग्णाला नेलं की ईसीजीतला बदल नवा की जुना, हे डॉक्टर त्या जुन्या पट्टीवरूनच ताडून पाहतात.

सीटी-एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तुलनेला फारसा उपयोगी नाही. तपासणीसोबत मिळालेल्या सीडीतलं अख्खं फोल्डर, 'डायकॉमडीआयआर' (DICOMDIR) नावाच्या, चित्रांची यादी असलेल्या फाइलसकट, पेनड्राइव्हवर उतरवा. नुसती जेपीजी चित्रं उचलली तर स्लाइसचा (एकेका छेदाच्या चित्राचा) क्रम आणि मोजमापं हरवतात.

आणि रुग्णालयाकडे जुने कागद मागायचे असतील तर उशीर नको. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच ठेवणं बंधनकारक आहे. मागणी केल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.