मदत हवी आहे: 'बालू २'ची जाड अक्षरं व्हिनाइल कटिंगसाठी

बालवाचनालयाची पाटी आहे, ६ फूट बाय २ फूट. अक्षर म्हणजे फॉन्ट 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू २', वजन (अक्षराची जाडी) एक्स्ट्राबोल्ड म्हणजे ८००. गोल टोकं, भरदार दांडा, लांबूनही चटकन वाचता येतं. शिवाय ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे वापरायला मोफत. त्यामुळे अक्षर बदलायचं नाही, कटिंगचं तेवढं सांगा.

व्हेरिएबल फाइलमधून (सगळी वजनं एकाच फाइलमध्ये असतात ती) मजकुराचे कर्व्ह, म्हणजे बाह्यरेषांचे आकार, केले की काना, मात्रा आणि शिरोरेषेचे आकार एकमेकांवर चढलेले राहतात. काळ्या भरणीत हे दिसत नाही, आउटलाइन व्ह्यू लावला की दिसतं. प्लॉटर, म्हणजे व्हिनाइल कापणारं यंत्र, प्रत्येक रेषा कापतो, म्हणून शिरोरेषा तुकड्यांत निघते. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये युनियन (आकार जोडण्याची आज्ञा) केल्यावर आकार एक होतो, पण जोडांवर फालतू नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, उरतात आणि ब्लेड तिथे अडखळतं. नोड कमी करणारं सिम्प्लिफाय मारलं तर गोल टोकं चपटी होतात, आणि या अक्षराचा सगळा जीव त्या टोकांतच आहे! ८०० वजनाची स्टॅटिक (फक्त त्या एका वजनाची) फाइल घेतली तर हे टळेल, की नोड हातानेच काढावे लागतील?

दुसरं, पत्त्याची ओळ २ सेंमी उंच आहे. 'क्ष', 'द्ध' यांच्या पोकळ्या ८०० ला इतक्या बारीक होतात की वीडिंग करताना, म्हणजे नको असलेलं व्हिनाइल सोलून काढताना, कडा उचलल्या जातात. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून उपयोग नाही, शिरोरेषा तुटते आणि पोकळी तेवढीच राहते. तिथे ५०० घ्यावं की ६००? एवढ्या उंचीला कुणी प्रत्यक्ष कापलं असेल तर कृपया वजन आणि व्हिनाइलचा प्रकार दोन्ही सांगा.